सतरा मिलिमीटर

रावेरच्या कॉलेजात सव्वीस वर्षं काचा धुतोय मी.
चंबू, बीकर, परीक्षानळ्या, पेट्री डिश.
पोरी म्हणतात, सुपडूकाका, हात लावू नका हं, जंतू आहेत.
जसे माझ्या हातावर नाहीतच.

बाहेर बेचाळीस, इन्क्युबेटरमध्ये सदतीस.
एप्रिलात आमच्यापेक्षा जंतूंची सोय बरी.

हुरमत तडवी पिशवीत केळीचं सोपट घेऊन आली.
बाकीच्यांनी कडुलिंब, तुळस, कोरफड,
जे सगळ्यांच्या अंगणात तेच सगळ्यांच्या वहीत.
हिनं आणलं ते घड उतरल्यावर
बांधावर कुजायला टाकतात, ते.
कापलं, धुतलं, उकळलं, गाळलं.
कपड्याला लागलं तर जन्माचा डाग, असं मी सांगणार
तर तिनं बाही दाखवली.
ॲप्रनऐवजी आईचा सदरा,
केळी कापायला जाताना साडीवरून घालायची तो.
आधीच तपकिरी.

कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.
सिल्व्हर नायट्रेट, काळपट बाटली, दहा ग्रॅम,
सही घेतल्याशिवाय द्यायचं नाही.
पाण्यात टाकलं की दिसतसुद्धा नाही.
म्हटलं, पोरी, ही कसली चांदी?
हिची जोडवी होत नाहीत, अडीनडीला मोडताही येत नाही.
काका, थांबा तर, म्हणाली.

पहिल्या दिवशी काही नाही.
दुसऱ्या दिवशी वीज गेली.
आठव्या खेपेला, जेवणाच्या सुट्टीत,
चंबू आधी पिवळसर,
मग कोऱ्या चहासारखा,
मग थेट त्या सदऱ्यासारखा.
ती ओरडली नाही. चंबूशेजारी बाही धरून
रंग जुळवत बसली.
यात आता चांदीचे कण आहेत काका,
केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढे.
मी चष्मा पुसला.
तरी चहाच दिसला.

जंतू कुठून आणलेस, हे मीच विचारलं.
आईचं बोट, म्हणाली. माघात कोयता लागला,
तीन डॉक्टर झाले, गोळ्या बदलल्या, पू थांबत नाही.
कापसाचा बोळा फिरवू दे म्हटलं, तर आई म्हणे,
"ने व माय, तेव्हढेच कमी होतीन माह्या बोटातून."

रात्रीतून ताटलीत शेत उगवलं, पांढुरकं, दाट.
मधे सहा मिलिमीटरची चार भोकं.
साध्या पाण्याभोवती जंतू काठोकाठ.
नुसत्या सोपटाच्या रसाभोवती काठोकाठ.
डॉक्टरांच्या गोळीभोवतीही काठोकाठ, हे बघून ती गप्प झाली.
आणि त्या तपकिरी थेंबाभोवती
रिकामा, सारवल्यासारखा गोल.
पट्टी लावली. सतरा.
मलाही लावायला सांगितली.
सतरा.

बाहेरचे परीक्षक म्हणाले, असं काम पुष्कळ झालंय.
ताटलीत मरणं वेगळं, बोटात मरणं वेगळं.
खरंच होतं ते. तिनं मान हलवली.
नंतर दारात मी हळूच म्हटलं, थेंबभर लावून बघायचं का आईला?
तर माझ्यावरच डाफरली:
काका, तुम्ही इतकी वर्षं इथं काय शिकलात?

शनिवारी ताटल्या मारायच्या.
पंधरा पौंड दाब, वीस मिनिटं.
तिची हाती आली, सवयीनं उजेडाकडे धरली.
सारवलेल्या गोलात, काठापासून जरा आत,
एक ठिपका. मोहरीहून लहान.
काल नव्हता.

फोन लावला. ती केळीच्या ट्रकजवळ, आईच्या जागी हजेरीवर.
बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज.
मग म्हणाली, आईच्या बोटातला आहे ना,
सहजी नाही मरायचा.
मारू नका काका त्याला. खूण करून ठेवा.
सोमवारी येते.

बाकीच्या कुकरात गेल्या.
ती एक फ्रिजमध्ये, मधल्या कप्प्यात.
झाकणावर तारीख घातली, ठिपक्याभोवती गोल काढला.

माझी बोटं काळी झालीत.
बाटली उघडताना कधीतरी सांडलं असेल,
साबणानं निघत नाही.
घरी बायको विचारेल,
केळीत गेले होते का?